वेरूळच्या वाटेवरचे परदेशी तरुण

गेल्या हिवाळ्यांत सुमारें दोन महिने आमचा मुक्काम छत्रपती संभाजीनगर येथें आमच्या मुलीकडे होता. हें शहर पाहावयास येणारे बहुतेक प्रवासी दोन दिवसांत बिबीचा मकबरा, पाणचक्की, देवगिरीचा किल्ला, वेरूळ आणि अजिंठा इतकें उरकतात, एखादी पैठणी खरेदी करतात आणि परत फिरतात. आम्हांस शाळेच्या घंटेचें बंधन उरलें नसल्यामुळें आम्ही सावकाश हिंडलों, जुनीं प्रवासवर्णनें चाळलीं, आणि तसें करतांना या शहराच्या इतिहासांतील एक धागा हातीं लागला. बादशहा, सुभेदार आणि निजाम यांच्या कथा सर्वांस ठाऊक असतात. परंतु विशी-पंचविशींत घर सोडून, मनांत कांहींतरी मोठी आशा बाळगून जे युरोपियन तरुण या वाटेनें गेले, त्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाहीं. वाचकांपुढें आज तोच विषय मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम शहराच्या नांवाविषयीं दोन शब्द. मूळ गांव खडकी. तेथें १६१० सालीं मलिक अंबर यानें शहर वसविलें. हा मलिक अंबर हबसाण देशांतला. पोरवयांत गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढें निजामशाहीचा आधारस्तंभ झालेला. तेव्हां हें शहर परदेशांतून आलेल्या माणसानेंच उभारलेलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्याच्या मुलाच्या कारकीर्दींत तें फत्तेनगर झालें, १६५३ मध्यें औरंगाबाद झालें आणि २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर. पुढील मजकुरांत ज्या काळची गोष्ट, त्या काळचें नांव आम्ही वापरूं.

या वाटेनें गेलेल्यांपैकीं पहिला उल्लेख करावयाचा तो झां द थेवनो या फ्रेंच गृहस्थाचा. याचा जन्म पॅरिसचा, १६३३ चा. घरची सुस्थिति होती. चाकरीची गरज नव्हती. तरीही एकोणिसाव्या वर्षीं तो देश पाहावयास निघाला तो पुढें फारसा घरीं टिकलाच नाहीं. तुर्की, अरबी आणि फारसी या भाषा त्यानें अवगत करून घेतल्या. १६६६ च्या जानेवारींत तो सुरतेस उतरला आणि तेथून औरंगाबादेवरून गोवळकोंड्यास गेला. वाटेंत त्यानें वेरूळचीं लेणीं पाहिलीं. एवढे विस्तीर्ण प्रासाद, एवढे स्तंभ, एवढ्या मूर्ति, आणि सर्व कांहीं एका अखंड खडकांतून कोरलेलें, हें पाहून मानवी शक्तीच्या पलीकडचें असें हें काम असल्याचा अभिप्राय त्यानें नमूद केला आहे. युरोपांतील वाचकांस वेरूळचें प्रत्यक्ष पाहिलेलें वर्णन ज्यांनीं प्रथम दिलें, त्यांत याची गणना होते. वनस्पति गोळा करण्याचाही त्यास नाद होता. परंतु घरीं परत जाऊन हें सर्व आपल्या हातानें छापून काढण्याचें सुख त्याच्या नशिबीं नव्हतें. १६६७ च्या नोव्हेंबरांत परतीच्या वाटेवर इराणांतील मियाना या गांवीं तो वारला. त्या वेळीं त्याचें वय अवघें चौतीस होतें. त्याच्या हिंदुस्थानच्या प्रवासाचें पुस्तक १६८४ सालीं निघालें, म्हणजे लेखक जाऊन सतरा वर्षें लोटल्यावर.

दुसरा तरुण याच्या अगदीं उलट प्रकृतीचा. निकोलाव मनुची हा व्हेनिस शहरांतला पोर चौदाव्या वर्षीं घरांतून पळाला आणि एका जहाजांत दडून बसला. जहाजावर एका इंग्रज उमरावाची त्यावर मर्जी बसली आणि त्याच्या खिजमतींत तो इराणावरून हिंदुस्थानांत आला. १६५६ मध्यें आग्रा-दिल्लीच्या वाटेवर तो उमराव अकस्मात् मरण पावला आणि अठरा वर्षांचा मनुची परक्या मुलखांत एकटा उरला. परंतु पोरगा मोठा हिकमती. दारा शुकोह याच्या तोफखान्यांत तो शिरला. दाराचा पाडाव झाल्यावर मिर्झाराजा जयसिंगाकडे राहिला. पुढें वैद्यकी करूं लागला. वैद्यकशास्त्राचें रीतसर अध्ययन त्यानें कोठें केलें नव्हतें, पण बोलणें गोड आणि धीर दांडगा, म्हणून रोगी मिळत गेले. औरंगजेबाचा पुत्र शहाआलम याचा वैद्य या नात्यानें तो दक्षिणेंत आला आणि औरंगाबादेस राहिला.

आपणां मराठी वाचकांस या मनुचीचें अगत्य वाटावें असा एक प्रसंग त्यानें लिहून ठेवला आहे. १६६५ सालीं पुरंदरच्या तहाच्या वेळीं जयसिंगाच्या छावणींत त्याची आणि शिवाजी महाराजांची भेट झाली. महाराजांनीं या सत्तावीस वर्षांच्या फिरंग्यास युरोपांतील राजांविषयीं प्रश्न विचारले. पोर्तुगालच्या राजावांचून तिकडे दुसरा मोठा राजा नसावा अशी येथें समजूत होती. ती खरी नव्हे, हें मनुचीनें समजावून सांगितलें. स्वतःचें राज्य संकटांत सांपडलें असतां परमुलखाची माहिती एका तोफवाल्यापासून काढून घेणारा राजा, आणि ती देणारा घर सोडून आलेला पोर, हें चित्र आम्हांस फार उद्बोधक वाटतें. मनुची व्हेनिसला परत गेला नाहीं. साठ वर्षांहून अधिक काळ येथें काढून तो याच भूमींत निवर्तला. त्याचा मोठा ग्रंथ मात्र युरोपांत गेला.

आतां तिसरा तरुण, आणि याच्याविषयीं आम्ही थोडें अधिक लिहिणार आहों. आंकेतील द्यूपेरों हा १७३१ मध्यें पॅरिसांत जन्मला. १७५४ सालीं त्याच्या दृष्टीस पारशी लोकांच्या अवेस्ता ग्रंथाच्या चार पानांची नक्कल पडली. ती लिपि युरोपांत कोणासही वाचतां येत नव्हती. ती आपण वाचावयाचीच, असा या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें निश्चय केला. हिंदुस्थानांत येण्यास पैसा नव्हता, म्हणून फ्रेंच कंपनीच्या फौजेंत त्यानें साधा शिपाई म्हणून नांव नोंदविलें. बरोबर सामान काय, तर दोन सदरे, दोन रुमाल, एक पायमोज्यांची जोडी आणि कांहीं पुस्तकें! पुढें सरकारास त्याचा हेतु कळला, तेव्हां प्रवासाची आणि अल्पशा वेतनाची सोय झाली. १७५५ मध्यें तो पुदुच्चेरीस उतरला. तेथून बंगाल, मग पुन्हां दक्षिण, असा रखडत तो १७५८ सालीं गोव्याहून पुण्यावरून औरंगाबादेस आला. वेरूळचीं लेणीं त्यानें बारकाईनें पाहिलीं आणि तेथल्या ब्राह्मणांनीं सांगितलेलीं मूर्तींचीं नांवें टिपून घेतलीं. नंतर सुरतेस जाऊन दस्तुर दाराब यांच्यापाशीं अध्ययन केलें, आणि १७६२ मध्यें एकशेंऐशीं हस्तलिखितें घेऊन तो पॅरिसला परतला.

१७७१ सालीं त्याचा अवेस्ताचा अनुवाद प्रसिद्ध झाला, तेव्हां शाबासकी मिळण्याऐवजीं उपहास वांट्यास आला. उपहास करणारा विल्यम जोन्स. हाही पंचवीस वर्षांचाच होता. पुढें कलकत्त्यास येऊन ज्यानें शाकुंतलाचें इंग्रजी भाषांतर केलें, तोच हा जोन्स. एका तरुणानें आयुष्याचीं सात वर्षें वेंचून आणलेली विद्या दुसऱ्या तरुणानें एका पत्रकानिशीं खोटी ठरवावी, हें विद्येच्या क्षेत्रांतही घडतें. आंकेतील यानें वाद वाढविला नाहीं. तो दरिद्र्यासारखा राहिला आणि काम करीत राहिला. दारा शुकोह यानें १६५७ मध्यें काशीच्या पंडितांच्या साहाय्यानें पन्नास उपनिषदांचें फारसी भाषांतर करविलें होतें. त्याची प्रत आंकेतील याजकडे १७७५ सालीं हिंदुस्थानांतून पोंचली. तिचें लॅटिन भाषांतर त्यानें १८०१ व १८०२ या सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां तो सत्तरीस टेकला होता. १८१४ मध्यें तो ग्रंथ शोपेनहौर या सव्वीस वर्षांच्या जर्मनाच्या हातीं आला, आणि त्याच्या तत्त्वज्ञानावर उपनिषदांचा खोल ठसा उमटला.

ज्या दाराचा औरंगजेबानें १६५९ सालीं वध करविला, त्या दाराचें पुस्तक औरंगजेबाच्या नांवाच्या शहरांतून एकदां गेलेल्या एका निर्धन फ्रेंच विद्यार्थ्यानें युरोपास पोंचविलें. आमच्या लहानपणीं आम्ही उपनिषदें शिकलों तीं गुरुमुखानें. तींच वाक्यें जर्मनींत कोणत्या वाटेनें गेलीं, हें कळल्यापासून त्या दोन सदऱ्यांच्या मुलाविषयीं आम्हांस एक प्रकारचा आप्तभाव वाटूं लागला आहे.

परंतु सगळेच विद्येसाठीं आले असें नाहीं. औरंगाबादेच्या ईशान्येस, आजच्या जालना जिल्ह्यांत, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यांत असई गांव आहे. तेथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापति आर्थर वेलस्ली चौतीस वर्षांचा होता. त्याच्याजवळ घोड्यावर होता एल्फिन्स्टन. त्याला चोविसावें वर्ष पुरें व्हावयास अजून दोन आठवडे होते. सोळाव्या वर्षीं हा मुलगा कंपनीच्या चाकरींत आला होता. त्याचें धैर्य पाहून, तूं कारकुनीऐवजीं लष्करांतच जावयास हवें होतेंस, असें वेलस्ली त्यास म्हणाला. पण एल्फिन्स्टन मुलकीकडेच राहिला. पेशवाई बुडविण्यांत त्याचा हात होता, आणि मुंबईचा गव्हर्नर या नात्यानें आपल्याकडील शिक्षणाचा पाया घालण्यांतही त्याचा हात होता. त्याविषयीं राग आणि कृतज्ञता अशीं दोन्हीं मनांत एकदम येतात. यांतील कोणतीही एक काढून टाकणें आम्हांस आजवर साधलेलें नाहीं.

त्याच रणांगणावर शिंद्यांच्या कवायती पलटणींचा नायक पोलमन हाही युरोपियनच, हॅनोव्हरचा. एके काळीं कंपनीच्या फौजेंतला सार्जंट. म्हणजे नशीब काढावयास आलेले तरुण दोन्हीं बाजूंस होते. इंग्रजांचीं दीड हजारांहून अधिक माणसें त्या दिवशीं मेलीं वा जखमी झालीं. चौऱ्याहत्तराव्या हायलंडर पलटणीचे बहुतेक सर्व अंमलदार पडले. आपल्याकडील हानि याहून पुष्कळ मोठी. स्कॉटलंडच्या डोंगरांतले शेतकऱ्यांचे मुलगे आणि आमच्या मुलखांतले शिलेदार, दोघेही केळणेच्या कांठीं मातींत मिसळले. त्यांच्याही कांहीं आशा असतीलच. त्या लिहून ठेवण्यास कोणी मागें उरला नाहीं.

यानंतर अजिंठा. २८ एप्रिल १८१९ रोजीं मद्रास इलाख्याच्या अठ्ठाविसाव्या घोडदळांतील जॉन स्मिथ हा अंमलदार वाघाच्या शिकारीस आला असतां त्यास वाघूर नदीच्या दरींत लेण्यांची कमान दिसली. स्थानिक लोकांस हीं लेणीं ठाऊक होतींच. बाहेरच्या जगास तीं या दिवसापासून ठाऊक झालीं. स्मिथनें दहाव्या लेण्यांत शिरून एका स्तंभावरील चित्रित मूर्तीच्या अंगावरच आपलें नांव व तारीख कोरून ठेविली. हीं अक्षरें आज डोळ्यांच्या बरींच वर आहेत, कारण त्या काळीं लेण्यांत दगडमाती साचून जमीन उंच झाली होती. ज्या चित्रांनीं त्याचें नांव जगांत राहिलें, त्यांतील एका चित्रास त्यानें पहिली जखम केली.

त्यानंतर आलेल्यांनीं त्याची भरपाई केली असें म्हणतां येईल. रॉबर्ट गिल हा लष्करी चित्रकार १८४४ सालीं नेमला गेला, तेव्हां तो चाळिशींत होता. अनेक वर्षें खपून त्यानें चित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृति केल्या. त्यांपैकीं बहुतेक १८६६ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत जळाल्या. गिलची समाधि भुसावळास आहे, आणि त्याच्या पारोची अजिंठा गांवांत. पुढें या शतकाच्या मागच्या शतकारंभीं, लेडी हेरिंगहॅम यांना चित्रांच्या नकला करण्यांत मदत करावयास डोरोथी लार्चर ही तरुण चित्रकर्ती इंग्लंडाहून आली. त्याच कामावर बंगालचे नंदलाल बोसही होते. लार्चरबाईंनीं हिंदुस्थानांत राहून लांकडी ठशांनीं कापड छापण्याची कला उचलली आणि स्वदेशीं जाऊन फिलिस बॅरन यांच्या भागींत तीच आपल्या आयुष्याचें काम केली. आमच्या छिप्यांची विद्या एका इंग्रज मुलीनें शिरोधार्य मानली, हें वाचून बरें वाटतें.

हें सर्व मनांत घोळत असतां एके सकाळीं वेरूळास कैलास लेण्यापुढील झाडाखालीं आम्हीं विश्रांति घेत होतों. जवळच तीन परदेशी तरुण डबा उघडून बसले होते. आमच्या शाळेच्या इंग्रजीनें आम्हीं विचारपूस केली आणि गप्पांत तास दीड तास गेला.

त्यांतला जर्मन मुलगा यंत्रशास्त्राचा पदवीधर होता. या शहराजवळ शेंद्रा येथें चेक लोकांच्या स्कोडा कंपनीचा मोटारींचा कारखाना या शतकाच्या आरंभापासून आहे. त्या आसपासच्या कारखानदारीमुळें असे तरुण येथें दिसतात. त्याचें म्हणणें असें कीं, वडिलांच्या वेळीं एकदां मोटारीच्या धंद्यांत शिरलें कीं जन्माची ददात मिटे; आतां तसा भरंवसा उरला नाहीं. त्याला पवनचक्क्यांच्या कामांत जावयाचें आहे. त्याच्याबरोबरची मुलगी इटलीची. ती भिंतींवरील जुन्या चित्रांच्या जतनाचें शिक्षण घेतलेली. १९२० सालीं निजाम सरकारनें अजिंठ्याचीं चित्रें सांवरण्यास चेक्कोनी नांवाचा इटालियन तज्ज्ञ आणविला होता. त्यानें रंग टिकावा म्हणून लाखेचा लेप दिला, तो लेप पुढें काळवंडला आणि चित्रें झांकोळलीं. आमच्या देशच्या माणसानें सद्भावानें केलेल्या कामाचा परिणाम मला स्वतः पाहावयाचा होता, असें ती म्हणाली. आपल्या देशांत या कामास कायमची जागा मिळत नाहीं, चार सहा महिन्यांच्या करारावर दिवस काढावे लागतात, हेंही तिनें सांगितलें. तरी हेंच काम करणार, हेंही तितक्याच शांतपणें.

तिसरा पोलंडचा. त्याची पणजी लहानपणीं कोल्हापूरजवळ वळिवडे येथें वाढलेली. दुसऱ्या महायुद्धांत बेघर झालेल्या सुमारें पांच हजार पोलिश लोकांना १९४३ ते १९४८ या काळांत तेथें आसरा मिळाला होता, हें आमच्या कांहीं वाचकांस ठाऊक असेल. तो वळिवडे पाहून इकडे आला होता. २०२२ मध्यें युक्रेनांत युद्ध पेटलें, तेव्हां तो आपल्या गांवच्या स्टेशनावर निर्वासितांना चहा आणि पांघरुणें वांटीत होता. पुढें काय करावयाचें ठरविलें आहे, असें विचारतां तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, कीं पणजीसारखें घर सोडावें लागूं नये, एवढीच सध्यां इच्छा आहे. या उत्तरावर कोणीच कांहीं बोललें नाहीं.

मग त्यांनीं उलट प्रश्न केला: विसाव्या वर्षीं तुमची काय इच्छा होती? आम्हीं सांगितलें, कीं काशीस जाऊन व्याकरण पुरें करावें, ही. तें घडलें नाहीं. वडील गेले, धाकटीं भावंडें होतीं, आणि गांवच्या शाळेंत जागा मिळाली. मुलें कोठें असतात, असें विचारल्यावर सांगितलें, कीं मुलगी येथें, आणि धाकटा चिरंजीव जर्मनींत नोकरीस. जर्मन मुलास फार मौज वाटली. तो म्हणाला, कीं तुमच्याच मुलासारखा आमच्या घरीं एक हिंदी सहकारी येऊन जेवून जातो आणि माझ्या आईला आमटी करावयास शिकवितो. हें ऐकून आमच्या मनावरचें कांहीं ओझें हलकें झालें, हें कबूल केलें पाहिजे.

आज आपल्या घराघरांतून हीच स्थिति आहे. युरोपचा तरुण जसा पूर्वीं इकडे निघे, तसा आपला मुलगा किंवा मुलगी आतां तिकडे निघते. आईबाप विमानतळावर निरोप देतात आणि मोबाईलवर रोज चेहरा पाहतात, तरी घर रितें तें रितेंच. मुलांनीं जाऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पैठणचे विद्यार्थी चालत काशीस जात, तेव्हांही मागें रडणारी आई होतीच. आमचें म्हणणें इतकेंच, कीं परक्या देशांत राहण्याचे दोन प्रकार या एकाच मुलखानें पाहिले आहेत. एक स्तंभावर आपलें नांव कोरून जाण्याचा. दुसरा तेथील भाषा शिकून, तेथील माणसांपाशीं बसून, मिळेल ती विद्या पदरांत घेऊन तिचें आयुष्यभर चीज करण्याचा. पगाराचा आंकडा आणि घराचा फोटो पाठविणें सोपें आहे; तेथल्या शेजाऱ्याची भाषा चांगली बोलतां येते का, हें आपण आपल्या मुलांना किती वेळां विचारतों?

जातां जातां एक व्यावहारिक सूचना. वेरूळचीं लेणीं मंगळवारीं आणि अजिंठ्याचीं सोमवारीं बंद असतात, तेव्हां बेत त्याप्रमाणें आंखावा. अजिंठ्यास मुलांना बरोबर न्यावें, आणि दहाव्या लेण्यांत पोंचल्यावर वाटाड्यास विचारून तो स्तंभ आणि तीं वर गेलेलीं अक्षरें त्यांना अवश्य दाखवावीं. आपल्याकडील मुलेंही देवगिरीच्या तटावर खिळ्यानें नांवें कोरतात. त्यांना तेथेंच उभें करून आंकेतील द्यूपेरों याच्या दोन सदऱ्यांची गोष्ट सांगावी. निराळा उपदेश करावा लागणार नाहीं.